गोव्यातील इंडो-पोर्तुगीज घरांचे जतन

गोव्यातील इंडो-पोर्तुगीज घरांचे जतन म्हणजे पोर्तुगीज राजवटीच्या काळात (१५१०–१९६१) गोव्यात बांधल्या गेलेल्या निवासी वास्तूंची डागडुजी, पुनरुज्जीवन आणि आजच्या वापरासाठी त्यांच्या अंतर्भागाची केलेली पुनर्रचना होय. जांभ्याच्या भिंती, उतरती कौलारू छपरे, दर्शनी बाजूस बैठकीचा बाल्कांव, शिंपल्याच्या तावदानांच्या खिडक्या आणि प्रशस्त दिवाणखाना ही या घरांची ठळक वैशिष्ट्ये आहेत. इबेरियन द्वीपकल्पातील गृहरचना व कोकणातील बांधकामपरंपरा यांचा मेळ त्यांत दिसतो. यांतील बहुतेक घरे आजही खाजगी मालकीची असून अनेकांत मूळ कुटुंबांचे वंशज राहतात. त्यामुळे त्यांच्या जतनाचा प्रश्न स्थापत्याइतकाच वारसाहक्क, स्थलांतर आणि देखभालीचा खर्च यांच्याशी निगडित आहे.

पार्श्वभूमी

अफोन्सो द आल्बुकर्क याने १५१० मध्ये गोवा जिंकून घेतल्यानंतर तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या भागांवर पोर्तुगीजांचा अंमल बसला. या भागांना पुढे ‘जुन्या काबिजादी’ असे नाव पडले. फोंडा, केपे, सांगे, काणकोण, पेडणे, डिचोली व सत्तरी हा प्रदेश अठराव्या शतकात त्यांच्या ताब्यात आला आणि ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखला जाऊ लागला. इंडो-पोर्तुगीज शैलीची मोठी घरे मुख्यतः जुन्या काबिजादीत, विशेषतः सासष्टीतील चांदोर, लोटली, मडगाव व परिसरात तसेच बार्देशातील गावांत आढळतात. जमीनदारी, प्रशासनातील नोकऱ्या, धर्मसंस्थेतील पदे आणि मकाव व आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींशी चालणारा व्यापार यांतून संपन्न झालेल्या स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांनी ती बांधली. आज उभी असलेली बहुसंख्य मोठी घरे अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत बांधलेली किंवा त्या काळात वाढवलेली आहेत.

‘इंडो-पोर्तुगीज’ या संज्ञेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ही घरे बांधून घेणारे मालक आणि बांधणारे गवंडी व सुतार हे बहुतांशी गोमंतकीयच होते. त्यामुळे त्यांना ‘गोमंतकीय घरे’ म्हणणेच योग्य, असे एक मत आहे. गोव्यातील चर्चवास्तूंच्या संदर्भात पोर्तुगीज इतिहासकार पाउलो वारेला गोमेस यांनी ‘व्हाइटवॉश, रेड स्टोन’ (२०११) या ग्रंथात अशाच स्वरूपाची मांडणी केली आहे.

गोव्यातील हिंदू कुटुंबांच्या जुन्या घरांची मांडणी वेगळी असते. त्यांचे केंद्र म्हणजे तुळशीवृंदावन असलेले राजांगण, आणि खोल्या त्याच्याभोवती रचलेल्या असतात. पेडण्यातील देशप्रभूंचा वाडा व पणजीतील म्हामाय कामतांचे घर ही याची प्रसिद्ध उदाहरणे होत. दोन्ही परंपरांनी एकमेकींपासून बरेच काही घेतले आहे. मोठ्या ख्रिस्ती घरांतही आतला चौक आढळतो, तर हिंदू वाड्यांच्या दर्शनी भागात पाश्चात्त्य धाटणीच्या कमानदार खिडक्या व दिवाणखाने दिसतात.

रचना

दर्शनी भागात काही पायऱ्या चढून गेल्यावर बाल्कांव लागतो. हा छताखालचा उघडा ओटा असून त्याच्या दोन्ही बाजूंना बांधीव बैठका असतात. त्यांना कोकणीत ‘सोपो’ म्हणतात. कोकणातील घरात ओटी व पडवी जे काम करतात तेच येथे बाल्कांव करतो. येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणे, संध्याकाळची बैठक आणि घरात न बोलावता पाहुण्याला बसवणे, यांसाठी तो वापरला जाई.

आतील मुख्य खोली म्हणजे ‘साल’, अर्थात दिवाणखाना. मोठ्या घरांत समारंभ व नृत्यासाठी स्वतंत्र दालन असे. याशिवाय भोजनकक्ष, शयनगृहे आणि प्रार्थनेची वेदी किंवा खाजगी चॅपेल यांचा समावेश होतो. स्वयंपाकघर, कोठार, विहीर व न्हाणीघर मागील बाजूस असतात. पुढील भाग पाहुण्यांचा व मागील भाग घरकामाचा, ही विभागणी जवळजवळ सर्वत्र दिसते. अंतर्भागाची पुनर्रचना करताना तिला विशेष महत्त्व असते.

खिडक्यांत काचेऐवजी सपाट, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे तुकडे लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवलेले असत. काच महाग होती, तर हा शिंपला किनाऱ्यावर उपलब्ध होता. त्यातून मंद, दुधाळ प्रकाश आत येतो व उन्हाची झळ कमी होते.

साहित्य व अंतर्गत सजावट

भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या किंवा मातीच्या असून त्यांवर चुन्याचा गिलावा केलेला असतो. चुना बहुधा समुद्रातील शिंपले भाजून तयार केला जाई. छपराला पूर्वी हाताने घडवलेली नळीची कौले असत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केल्यानंतर सपाट मंगलोरी कौलांचा प्रसार पश्चिम किनाऱ्यावर झाला आणि गोव्यातील अनेक छपरे बदलली. वासे, तुळया व दारे-खिडक्यांसाठी सागवान, फणस व इतर स्थानिक लाकूड वापरले जाई.

अंतर्भागात लाकडी तक्तपोशी, कोरीव कंगोरे, रंगीत नक्षीच्या भिंती व झुंबरे आढळतात. शिसवी लाकडाचे सोफे, वेताने विणलेल्या खुर्च्या आणि छत्रीच्या पलंगांची घडण युरोपीय असली तरी ते स्थानिक सुतारांनी घडवलेले असत आणि त्यांच्या कोरीवकामात भारतीय नक्षी मिसळलेली दिसते. चिनी मातीची भांडी मकावमार्गे येत. फरशीसाठी शेण-माती, तांबडा कोबा, फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांचे जडावकाम आणि विसाव्या शतकात नक्षीदार सिमेंट लाद्या असे पर्याय वापरले गेले. अशा लाद्यांचे भारतात उत्पादन करणारी ‘भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स’ ही कंपनी १९२२ मध्ये स्थापन झाली. तिचा पहिला कारखाना आजच्या रायगड जिल्ह्यातील उरण येथे होता. जुन्या नमुन्यांच्या लाद्या ती आजही बनवते, त्यामुळे तुटलेल्या लाद्यांना जुळणारा नग मिळवणे काही प्रमाणात शक्य होते.

‘आझुलेझू’ या झिलई दिलेल्या चित्रित लाद्यांचा वापर स्पेन व पोर्तुगालमध्ये विपुल असला तरी गोव्यातील घरांत तो मर्यादित होता. पणजीतील मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जोर्जे कोलासो यांनी १९३५ मध्ये केलेली लाद्यांवरील चित्रमालिका आहे. तिचा विषय लुईश द कामोंइश यांचे महाकाव्य हा आहे. घरांच्या नावाच्या पाट्या व शोभेच्या चौकटींसाठी या लाद्या गोव्यात अलीकडे पुन्हा बनू लागल्या आहेत.

ऱ्हासाची कारणे

पाऊस

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे आणि पावसाळ्यानंतर भिंतींना चुना लावणे ही या घरांची वार्षिक निगा होती. ती एक-दोन वर्षे चुकली तर फुटलेल्या कौलातून पाणी वाशांच्या टोकांपर्यंत पोहोचते, लाकूड कुजते, छप्पर खचते आणि उघड्या पडलेल्या जांभ्याच्या वा मातीच्या भिंती धुपू लागतात. बंद घरे पडतात ती बहुधा याच क्रमाने.

वाळवी व इतर कीटक

ओल व अंधार असलेल्या जागी वाळवी भिंतीतून वर चढते आणि चौकटी, तक्तपोशी व फर्निचर पोखरते. बंद खोल्यांतील पुस्तके व कागदपत्रे यांचेही तिच्यामुळे मोठे नुकसान होते.

चुकीची दुरुस्ती

जुन्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा करणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. जांभा सच्छिद्र असतो आणि जमिनीतील ओल त्यातून वर चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल बाहेर पडून सुकते. सिमेंटचा थर तिला अडवतो. मग ओल भिंतीतच साचते किंवा आणखी वर चढते, तिच्यासोबत आलेले क्षार पृष्ठभागाजवळ स्फटिकरूप धारण करतात आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटू लागतो. हवा जाऊ न देणाऱ्या आधुनिक प्लास्टिक रंगांचाही परिणाम असाच होतो. महाड-पोलादपूरसारख्या कोकणातील अतिपावसाच्या भागांत चुना-मातीच्या जुन्या घरांवर सिमेंट चढवल्यासही हीच प्रक्रिया घडते.

मालकीचे विभाजन

गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू झाला. १९६१ नंतरही त्यातील कौटुंबिक व वारसाविषयक तरतुदी कायम राहिल्या. वारसाविषयक तरतुदींची जागा पुढे २०१२ च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियमाने घेतली. या व्यवस्थेत पतिपत्नींची मालमत्ता सामान्यतः सामाईक मानली जाते, मुलगे व मुली यांना समान वाटा मिळतो आणि अपत्ये असल्यास मृत्युपत्राने केवळ अर्ध्या मालमत्तेचीच विल्हेवाट लावता येते. वारसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, हक्कांच्या दृष्टीने ही व्यवस्था न्याय्य मानली जाते. मात्र काही पिढ्यांनंतर एकाच घराचे अनेक सहमालक होतात. ते मुंबई, लिस्बन, लंडन, टोरंटो अशा ठिकाणी विखुरलेले असतात. दुरुस्तीला सर्वांची संमती लागते, खर्चाला मात्र प्रत्यक्ष राहणारा एखादाच पुढे येतो. अनेक घरे पैशाअभावी नव्हे, तर असा निर्णय न झाल्यामुळे कोसळतात.

जतनाची तत्त्वे

ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची आधुनिक तत्त्वे १९६४ च्या व्हेनिस सनदेत मांडली गेली. ऑस्ट्रेलियातील १९७९ च्या बर्रा सनदेने वास्तूच्या सांस्कृतिक महत्त्वाचा विचार पुढे आणला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या इंटॅक या भारतीय संस्थेने २००४ मध्ये आपली सनद स्वीकारली. तिच्यात परंपरागत कारागिरांचे ज्ञान टिकवणे हेही जतनाचे उद्दिष्ट मानले आहे. घरांच्या संदर्भात पुढील तत्त्वे विशेष लागू पडतात :

किमान हस्तक्षेप – दुरुस्त होऊ शकणारा भाग बदलू नये. वाशाचे केवळ टोक कुजले असल्यास तेवढेच कापून नवा तुकडा सांधावा.
साहित्याची सुसंगती – नवे साहित्य जुन्याहून अधिक कठीण किंवा अधिक अभेद्य नसावे.
परतीची शक्यता – नव्या भिंती, वायरिंग, नळ इत्यादी पुढे मूळ वास्तूला इजा न होता काढता येतील असे असावे.
प्रामाणिकपणा – नव्याने घातलेला भाग जुन्याशी मेळ राखणारा असावा, पण जुना असल्याचा आभास निर्माण करणारा नसावा.
नोंद – काम सुरू करण्यापूर्वी, चालू असताना व नंतर मोजमापे, आराखडे व छायाचित्रे ठेवावीत.

कामाचे टप्पे

जतनाचे काम वरून खाली केले जाते. छप्पर पक्के होण्याआधी अंतर्भागावर केलेला खर्च वाया जातो, म्हणून पहिला टप्पा छपराचा असतो. कौले उतरवून धडकी वेगळी काढतात, वासे व रिपा तपासतात, कुजलेले भाग बदलतात, लाकडावर कीटकनाशक प्रक्रिया करतात आणि कौले पुन्हा चढवतात.

दुसऱ्या टप्प्यात पाण्याचा निचरा येतो. पावळीचे पाणी जोत्यापासून दूर नेणे, भिंतीलगत साचलेली माती काढणे आणि भिंतीत रुजलेली झाडे मुळांसह हटवणे ही कामे त्यात मोडतात. त्यानंतर भिंतींवरील सिमेंट खरवडून त्या सुकू दिल्या जातात. ओल खोलवर गेली असल्यास याला एक पूर्ण कोरडा हंगाम लागू शकतो.

गिलाव्यासाठी चुन्याची कळी पाण्यात विरवून काही आठवडे मुरवतात, वाळू मिसळून मळतात व पातळ थरांनी लावतात. विरलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि त्याचे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेटमध्ये, म्हणजे चुनखडीत, रूपांतर होते. ही प्रक्रिया संथ असल्याने प्रत्येक थर ओलसर ठेवून सावकाश घट्ट होऊ द्यावा लागतो. घाई केल्यास गिलाव्याला तडे जातात. शेवटी चुन्यातच रंगद्रव्ये मिसळून रंग दिला जातो. निळा, पिवळा व तांबडा हे गोव्यातील घरांचे प्रचलित रंग आहेत. शुभ्र पांढरा रंग चर्चसाठी राखीव असे, अशी परंपरा सांगितली जाते.

शिंपल्यांच्या खिडक्यांची दुरुस्ती अवघड असते. हा शिंपला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असल्याने नवा शिंपला सहज मिळत नाही. पाडलेल्या घरांतील तावदाने जपून ठेवणे व दर्शनी खिडक्यांसाठी त्यांचा पुनर्वापर करणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

अंतर्भागाची पुनर्रचना

आजच्या राहणीसाठी या घरांत प्रामुख्याने स्नानगृहे, आधुनिक स्वयंपाकघर, वीज आणि वातानुकूलन यांची गरज भासते. स्नानगृहे मूळच्या सेवाभागात, म्हणजे मागील बाजूस घेतल्यास पाण्याचे नळ जुन्या भिंतींतून न्यावे लागत नाहीत व दिवाणखान्याची अखंडता टिकते. शयनगृहाला लागूनच स्नानगृह हवे असल्यास खोलीत छताला न टेकणारी, कमी उंचीची स्वतंत्र पेटीवजा रचना करतात. त्यामुळे मूळ तक्तपोशी व कंगोरे अखंड राहतात. चुना-मातीच्या भिंती कापून वायर बुजवण्याऐवजी त्या पृष्ठभागावरून किंवा माळ्यावरून नेल्या जातात.

उंच छत, समोरासमोरची दारे-खिडक्या व कौलांच्या फटी यांमुळे या घरांत हवा खेळती राहते. वातानुकूलनासाठी खोल्या बंदिस्त केल्यास ओल व बुरशी वाढते, तेव्हा पंखे व नैसर्गिक वायुवीजन यांना प्राधान्य देण्याची शिफारस केली जाते. जुन्या फर्निचरला चकचकीत पॉलिश करण्याऐवजी ते स्वच्छ करून मेण किंवा लाखेचा पातळ थर देणे पसंत केले जाते.

बाल्कांव काचेने बंद करणे, दोन खोल्यांमधील भिंत पाडून एक मोठी खोली करणे आणि कौले काढून काँक्रीटचा स्लॅब टाकणे या बदलांना जतनतज्ज्ञांचा विरोध असतो. यांतील स्लॅब सर्वांत घातक मानला जातो, कारण त्याचे वजन जांभ्याच्या व मातीच्या भिंतींना पेलवेलच असे नाही.

उल्लेखनीय घरे

मिनेझिस ब्रागांझा – ब्रागांझा परेरा घर, चांदोर : गोव्यातील सर्वांत मोठ्या निवासी वास्तूंपैकी एक. पत्रकार व वसाहतवादविरोधी विचारवंत लुईश द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांचे हे घराणे. एकाच लांबलचक दर्शनी भागामागे दोन स्वतंत्र पाखी असून कुटुंबाच्या दोन शाखांकडे त्यांची मालकी आहे. नृत्यदालन, ग्रंथसंग्रह, झुंबरे व चिनी मातीची भांडी यांसाठी ते प्रसिद्ध आहे. घर पाहायला येणाऱ्यांच्या देणग्यांतून देखभालीचा काही भार उचलला जातो.

फिगेरेदो घर, लोटली : कौटुंबिक परंपरेनुसार याचा सर्वांत जुना भाग १५९० च्या सुमाराचा आहे. आज त्यात संग्रहालय व पाहुण्यांच्या निवासाची सोय आहे.

सात बुर्जांचे घर, मडगाव : दा सिल्वा घराण्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले. उंच, निमुळत्या अशा सात छपरांवरून त्याला हे नाव पडले. त्यांपैकी आता तीनच उरली आहेत.

पालासियो दो देआंव, केपे : केपे गावाच्या उभारणीशी संबंधित धर्मगुरू जुझे पावलो द आल्मेदा यांनी १७८७ मध्ये कुशावती नदीकाठी बांधलेला प्रासाद. दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या या वास्तूचे जतन एका दांपत्याने २००० च्या दशकात हाती घेतले. बागेसह घर पूर्ववत करून ते पाहुण्यांसाठी खुले करण्यात आले. भोजनाच्या आगाऊ नोंदणीतून मिळणारे उत्पन्न देखभालीसाठी वापरण्याचा हा प्रयोग वारंवार उदाहरणादाखल दिला जातो.

फोंतेन्यास, पणजी : फेनिक्स झऱ्यावरून नाव पडलेली ही वसाहत अरुंद गल्ल्या व रंगीत घरांसाठी ओळखली जाते. येथील काही घरांचे रूपांतर हॉटेले, कलादालने व उपाहारगृहांत झाले आहे.

गोव्यातील घरांच्या इतिहासाला वाहिलेले ‘हाउसेस ऑफ गोवा’ हे संग्रहालय वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी तोर्डा येथे उभारले आहे.

महाराष्ट्रात मुंबईच्या गिरगावातील खोताची वाडी व माझगावातील म्हातारपाखाडी येथे लाकडी जिने, सज्जे व उतरत्या छपरांची याच धाटणीची घरे आहेत. खोताच्या वाडीतील अनेक घरे पाडून त्या जागी इमारती उभ्या राहिल्या आहेत.

इबेरियन शैलीशी तुलना

स्पेनच्या दक्षिण भागातील घर आतल्या अंगणाभोवती, म्हणजे ‘पातियो’भोवती रचलेले असते. त्याची बाहेरची भिंत बंदिस्त असते व जीवन आत चालते. कोरड्या, उष्ण हवेला ही रचना अनुकूल आहे. ‘स्पॅनिश’ म्हणून जगभर ओळखली जाणारी तांबडी कौले, पांढरा गिलावा व कमानी यांची शैली अमेरिकेत १९१५ च्या सॅन दिएगो येथील पनामा-कॅलिफोर्निया प्रदर्शनानंतर लोकप्रिय झाली. गोव्यातील घर याउलट बाहेर उघडते. त्याचा बाल्कांव रस्त्याकडे तोंड करून असतो, खिडक्या जमिनीपर्यंत उतरतात आणि पावळी पावसासाठी पुढे झुकलेली असते. त्यामुळे कॅलिफोर्निया किंवा आंदालुसियातील घरांच्या जतनाच्या पद्धती येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

वाद व सद्यस्थिती

जुन्या गोव्यातील चर्च व मठ १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. खाजगी घरांना मात्र तसे व्यापक संरक्षण नाही. शासकीय नियमांनी काही भाग संवर्धन क्षेत्र म्हणून राखले असले तरी गावोगावी विखुरलेली घरे बहुधा त्याबाहेर राहतात. गोवा हेरिटेज ॲक्शन ग्रुप ही स्वयंसेवी संस्था २००० पासून घरांच्या नोंदी व जनजागृतीचे काम करत आहे.

जुनी घरे बाहेरच्या खरेदीदारांना विकली जाण्यावर दोन मते आहेत. एका मतानुसार नव्या मालकांकडे पैसा असल्याने पडायला आलेली घरे वाचतात. दुसऱ्या मतानुसार घर वाचले तरी शेजार तुटतो. घर वर्षाचा बराच काळ बंद राहते, प्रार्थनेची वेदी शोभेची वस्तू बनते आणि जमिनीचे भाव वाढून स्थानिकांना आपल्याच गावात घर घेणे परवडेनासे होते. हॉटेलात रूपांतर झालेल्या घरांबाबतही पाणीवापर, वाहनांची गर्दी व पर्यटकांचा उपद्रव यांविषयी रहिवाशांच्या तक्रारी आहेत.

कारागिरांची कमतरता हा तितकाच गंभीर प्रश्न आहे. चुना मळणारे गवंडी, कोरीव लाकूडकाम करणारे सुतार आणि वेत विणणारे यांची संख्या घटत आहे. सिमेंटचे काम लवकर उरकते आणि त्याला मजुरीही अधिक सहज मिळते, त्यामुळे नव्या पिढीला जुने कौशल्य शिकण्याचे आर्थिक कारण उरत नाही. जतनाचे प्रत्येक काम हे अशा कारागिरांसाठी रोजगार व प्रशिक्षणाची संधी ठरावे, अशी भूमिका या क्षेत्रातील वास्तुविशारद मांडतात.